हक्कानं मिळवलेली जागा



गेल्या आषाढीच्या आदल्या दिवसाची आठवण काढू या. शनिवार, ५ जुलै २०२५. दशमी होती. पालख्या वाखरीचा तळ सोडून पंढरपुरात पोचत होत्या. आमच्या रेडिओ केंद्रात दुसऱ्या दिवशी लावायचे अभंग म्हणायला सात-आठ जणी आल्या होत्या. रेकॉर्डिंग संपलं, टाळ पिशवीत गेले, पण पाऊस काही थांबेना. म्हणून सगळ्या तिथंच बसून राहिल्या. केंद्रात काम करणाऱ्या मुलीनं तेवढ्यात टेबलावर तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला. त्यावर फुटबॉलचा सामना चालला होता. थायलंडमधल्या चियांग माई शहरात भारताच्या मुली थायलंडच्या मुलींशी खेळत होत्या.

सुरुवातीला कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मग एकीनं विचारलं, "यातल्या आपल्या कोणत्या?" दुसरीनं विचारलं, "चेंडू हातानं का धरत नाहीत गं?" असं विचारता विचारता खुर्च्या पुढं सरकल्या. एकोणतिसाव्या मिनिटाला संगीता बासफोर या आपल्या मुलीनं लांबून चेंडू मारला आणि तो थेट जाळ्यात गेला. खोलीत एकच ओरडा झाला. मध्यंतरानंतर दोनच मिनिटांत थायलंडच्या मुलींनी गोल परत केला. एकास एक. आता कुणी बोलेना. नेट मधेच अडकायचं, पडद्यावर ते चक्र फिरत राहायचं, आणि सगळ्यांचा जीव त्या चक्रात अडकायचा. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला पुन्हा संगीतानंच गोल केला. दोनास एक. त्यानंतरची पंधरा-सोळा मिनिटं आणि वरची वाढीव मिनिटं कशी गेली, ते तिथं बसलेल्यांनाच ठाऊक. एक काकू तर तोंडाला पदर लावून भिंतीकडं तोंड करून बसल्या. "संपलं की सांगा," म्हणाल्या.

संपलं. भारत जिंकला. मैदानावर मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि इकडं आमच्या खोलीत पिशवीतले टाळ परत बाहेर आले.

अभंग म्हणायला आलेल्या एक आजी मात्र पडद्याकडं अजून बघतच होत्या. त्यांनी विचारलं, "एवढ्या जिंकल्या, मग बक्षीस कुठाय? ढाल कोण देणार?"

मुलगी म्हणाली, "आजी, आज ढाल नसते. आज जिंकल्या म्हणून त्यांना मोठ्या स्पर्धेत खेळायला जागा मिळाली."

आजी म्हणाल्या, "म्हणजे नुसती जागाच?"

मैत्रिणींनो, आजचं बोलणं आजींच्या त्या प्रश्नावरच आहे. नुसती जागा मिळाली म्हणून देशभरातले फुटबॉलवेडे लोक त्या रात्री एवढे का हरखले? ते समजायचं तर शंभर वर्षं मागं जावं लागतं. पण आधी ही जागा म्हणजे काय ते बघू.

शाळेची कबड्डी आठवा. जिल्ह्याला खेळायचं तर आधी तालुक्याला जिंकावं लागतं. तसंच हे आहे. आशिया खंडातल्या देशांची महिला फुटबॉलची मोठी स्पर्धा म्हणजे एएफसी महिला आशियाई चषक. तिथं बारा संघांनाच प्रवेश. त्यासाठी आधी गटागटांत सामने होतात. त्याला पात्रता फेरी म्हणतात. आपल्या गटात पाच देश होते: भारत, थायलंड, मंगोलिया, तिमोर-लेस्ते आणि इराक. गटातला पहिला तेवढा पुढं जाणार, बाकीचे घरी.

भारतानं मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-० आणि इराकला ५-० असं हरवलं. मंगोलियाविरुद्ध ओडिशाच्या प्यारी खाखानं एकटीनं पाच गोल केले. पण थायलंडही तसाच खेळत होता. शेवटच्या सामन्याआधी दोन्ही संघांचे तीन-तीन विजय, दोघांचे बावीस-बावीस गोल, आणि दोघांवरही एकसुद्धा गोल झालेला नाही. तराजूची दोन्ही पारडी अगदी सारखी. त्यात मैदान थायलंडचं, आणि जागतिक क्रमवारीत थायलंड ४६ वा, भारत ७० वा. म्हणून त्या संध्याकाळी ज्यांनी ज्यांनी मोबाइलवर तो सामना लावला, त्यातल्या पुष्कळांनी मनाची तयारी हरण्याचीच केलेली असणार.

आता मागं जाऊ.

पहिलं महायुद्ध चालू होतं तेव्हा इंग्लंडमधले पुरुष लढाईवर गेले आणि कारखान्यांत बायका कामाला लागल्या. प्रेस्टन गावातल्या डिक, केर या कारखान्यात दारूगोळा तयार व्हायचा. तिथल्या कामगार मुली जेवणाच्या सुट्टीत अंगणात फुटबॉल खेळायच्या. त्यांचा संघ झाला. जखमी सैनिकांसाठी पैसे गोळा करायला त्या सामने खेळू लागल्या. लोकांनी गंमत म्हणून यायला सुरुवात केली, मग खेळ बघायला येऊ लागले. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर या मुलींचा सामना बघायला सुमारे ५३,००० माणसं आत होती आणि हजारो माणसांना जागा नाही म्हणून बाहेरून परत जावं लागलं.

तुम्हाला वाटेल, एवढी गर्दी झाल्यावर बायकांचा फुटबॉल जोरात वाढला असेल. झालं उलटंच. वर्षभरातच, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं ठराव केला की हा खेळ बायकांना मुळीच योग्य नाही आणि संघटनेतल्या कुठल्याही क्लबानं आपलं मैदान बायकांना देऊ नये. पैशांचा हिशेब नीट नाही, असंही कारण पुढं केलं. अनेक अभ्यासकांना वाटतं की खरी सल त्या गर्दीची होती. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. १९७० उजाडल्यावर ती उठायला लागली.

इंग्लंडपुरतीच ही गोष्ट नाही. ब्राझील म्हणजे फुटबॉलची पंढरीच म्हणा. तिथं १९४१ मध्ये सरकारी हुकमानं बायकांना हा खेळ बंद झाला, तो १९७९ पर्यंत. पश्चिम जर्मनीत तिथल्या संघटनेनं १९५५ ते १९७० बंदी ठेवली. सगळीकडं कारणं एकाच तऱ्हेची: बाईच्या शरीराला झेपणार नाही, मूल होणार नाही, बाईला शोभत नाही. मैत्रिणींनो, ही कारणं आपल्याला नवी नाहीत. सायकलला, शाळेला, नांगराला हात लावायला, आणि काही ठिकाणी देवळाच्या गाभाऱ्यालासुद्धा हीच कारणं ऐकलेली आहेत.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. "बायकांचा खेळ कोण बघतंय?" असं आज म्हणतात. इतिहास सांगतो की लोक बघत होते. बघत होते म्हणून मैदानाचं फाटक बंद केलं. मग दोन पिढ्या फाटक बंद राहिलं, बघायची सवय मोडली, आणि नंतर तीच मोडलेली सवय दाखवून म्हणायचं, बघा, कुणी येत नाही.

आपल्याकडं काय झालं? भारतात बायकांना फुटबॉल खेळायला कायद्यानं बंदी नव्हती. पण खेळायला संघटना नव्हती, स्पर्धा नव्हत्या. १९७५ मध्ये महिला फुटबॉलची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना उभी राहिली. मुख्य फुटबॉल संघटना पुरुषांची, आणि ही बायकांची वेगळी चूल. पैसा थोडा, मान्यता थोडी. तरी या वेगळ्या चुलीवर काय शिजलं ते पाहा. जानेवारी १९८० मध्ये आशियातल्या महिलांची स्पर्धा आपल्याकडं केरळात, कालिकतला झाली. तेच आजचं कोळिक्कोड. भारतानं तर दोन संघ उतरवले, एक उत्तरेचा आणि एक दक्षिणेचा. त्यातला एक अंतिम सामन्यात पोचला आणि तैपेईच्या संघाकडून ०-२ असा हरला. १९८१ ला हाँगकाँगमध्ये भारत तिसरा आला. १९८३ ला बँकॉकमध्ये भारत पुन्हा अंतिम सामन्यात गेला आणि थायलंडकडून ०-३ असा हरला.

म्हणजे ज्या थायलंडला आपल्या मुलींनी परवा त्याच्या घरी जाऊन हरवलं, त्यानंच बेचाळीस वर्षांपूर्वी, त्याच्याच घरी, आपल्याला अंतिम सामन्यात हरवलं होतं. एके काळी आपण आशियात दुसऱ्या नंबरावर होतो, आणि हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? मलाही पुष्कळ उशिरा कळलं.

त्या काळातली मोठी खेळाडू म्हणजे बंगालच्या शांती मल्लिक. १९८३ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. दुसऱ्या कधी झाल्या? २०१७ मध्ये, मणिपूरच्या ओइनाम बेमबेम देवी. मधे चौतीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत एका मुलीची आई होते आणि तिची मुलगी कॉलेजात जाते.

या बेमबेम देवींची गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंफाळमध्ये लहानपणी त्या मुलांबरोबर खेळायच्या. मुलगी म्हटलं की खेळायला घेणार नाहीत म्हणून मुलासारखं नाव सांगायच्या. १९९५ मध्ये, पंधरा वर्षांच्या असताना, त्या देशाकडून खेळल्या. पुढं वीस वर्षं खेळत राहिल्या. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांच्या भर उमेदीच्या काळातच भारताच्या महिला संघाची काय अवस्था होती? संघ वर्षानुवर्षं मैदानातच उतरवला नाही. २००९ च्या सुमाराला तर दीड वर्षात एकही आंतरराष्ट्रीय सामना नाही म्हणून जागतिक क्रमवारीतून भारताचं नावच काढलं गेलं. खेळाडू होत्या, पाय होते, दम होता. सामनेच नव्हते. शेत पडीक ठेवायचं आणि म्हणायचं, या जमिनीत काही पिकत नाही.

मग सावकाश फिरलं. २०१० पासून दक्षिण आशियाची स्पर्धा सुरू झाली आणि भारतानं ती पाच वेळा ओळीनं जिंकली. २०१६-१७ मध्ये इंडियन विमेन्स लीग ही देशातली क्लबांची स्पर्धा सुरू झाली. २०२० मध्ये मणिपूरच्या बाला देवी स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबाकडून खेळायला गेल्या. पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली मनीषा कल्याण नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्राझीलविरुद्ध, ब्राझीलमध्येच, गोल करून आली. सामना आपण १-६ हरलो, पण ज्या देशात एके काळी बायकांना हा खेळ बंद होता, तिथं जाऊन केलेला तो एक गोल लोकांच्या लक्षात राहिला.

आणि मग आला जानेवारी २०२२. ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रातच घडलेली आहे. महिला आशियाई चषक भारतात होता. सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात. यजमान म्हणून भारताला जागा आपोआप मिळालेली. घरचं कार्य, त्यामुळं आवतणाचा प्रश्नच नव्हता. २० जानेवारीला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर पहिला सामना इराणशी झाला, ०-० असा सुटला. तेव्हा करोनाची लाट होती. २३ तारखेला तैपेईशी सामना, आणि आदल्या तपासण्यांत आपल्या इतक्या मुली आजारी निघाल्या की नियमाप्रमाणं लागणाऱ्या किमान तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. संघ स्पर्धेतून बाद. खेळलेला एक सामनाही हिशेबातून पुसला गेला. ज्या मुली आजारी नव्हत्या त्यासुद्धा आपल्याच देशात चाललेली स्पर्धा बाजूला बसून बघत राहिल्या. अंतिम सामना त्याच डी. वाय. पाटील मैदानावर झाला, चीन जिंकला.

घरच्या मांडवात आपल्यालाच पानावरून उठवलं, असं दुःख होतं ते. कुणाशी भांडणार? आजाराशी?

आता कळेल, मैत्रिणींनो, ५ जुलै २०२५ ची जागा "नुसती" का नव्हती. याआधी भारत आशियाई चषकात खेळला, तो पात्रता फेरी जिंकून कधीच नाही. जुन्या काळी नाव दिलं की संघ जायचा, आणि २०२२ ला आपण यजमान होतो. २०२५ ला पहिल्यांदा मैदानात झगडून, गटात पहिलं येऊन जागा मिळवली. ती कुणाच्या कृपेची नाही, म्हणून कुणाला काढूनही घेता येणार नाही. ज्यांच्या नावावर सातबारा नुसता वारसानं चढला आणि ज्यांनी कोर्टात वर्षं घालून आपलं नाव चढवून घेतलं, त्या दोघींना तो कागद हातात घेताना सारखंच वाटेल का?

म्हणूनच चाहत्यांना तेव्हा आनंदापेक्षा आधी वाटला असेल तो सुटकेचा श्वास. फुटबॉलच्या चाहत्यांना तेव्हा दुसरीकडूनही सुख नव्हतं. पुरुषांचा संघ त्याच्या महिनाभर आधी, १० जूनला, हाँगकाँगकडून ०-१ हरला होता, आणि पुढं ऑक्टोबरमध्ये गोव्यात मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून १-२ हरून आशियाई चषकाच्या वाटेतून बाहेरच पडला. त्या वर्षी देशाच्या फुटबॉलची लाज राखली ती मुलींनी.

या चाहत्यांबद्दलही दोन शब्द सांगते, कारण आपण त्यांच्यातल्याच आहोत. २०१७ मध्ये भारतीय फुटबॉल संघांच्या पाठीराख्यांनी एक गट केला. त्याचं नाव ब्लू पिलग्रिम्स. मराठीत म्हणायचं तर निळे वारकरी. संघ जिथं खेळेल तिथं निळे कपडे घालून, ढोल घेऊन जायचं. दिंडीत आणि यांच्यात फरक एवढाच की यांचा विठोबा दर वेळी वेगळ्या गावी असतो आणि पुष्कळदा हरतो. तरी वारी चुकवायची नाही.

पण चाहता आपोआप तयार होत नाही, त्याला हाक मारावी लागते. जून २०१८ ची गोष्ट. मुंबईत अंधेरीच्या मैदानावर पुरुषांच्या संघाचा तैपेईशी सामना होता. आपण ५-० जिंकलो, पण बघायला जेमतेम अडीच हजार लोक. त्यानंतर कर्णधार सुनील छेत्रीनं एक व्हिडिओ काढला आणि हात जोडून लोकांना विनवलं: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. दोन दिवसांत पुढच्या सामन्याची सगळी तिकिटं संपली. एका माणसाच्या हाकेनं मैदान भरलं. मुलींसाठी अशी हाक कोण मारणार? मला वाटतं, ती आपणच मारायची.

आणि मैदान भरलं की काय होतं, तेही आपण पाहिलं. २ नोव्हेंबर २०२५, कार्तिकी एकादशी. तेच नवी मुंबईचं डी. वाय. पाटील मैदान, जिथं फुटबॉलच्या मुलींचं नशीब फुटलं होतं. तिथं भारताच्या क्रिकेटच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला. मैदान गच्च भरलेलं. आपली सांगलीची स्मृती मानधना त्या संघात. त्या रात्री गावोगावी फटाके वाजले. क्रिकेटच्या मुलींनाही कुणी एका रात्रीत डोक्यावर घेतलं नाही. त्यांनीही रिकाम्या मैदानांवर वर्षं काढली आहेत. फुटबॉलच्या मुली अजून त्या वाटेवर मागं आहेत, एवढंच.

फुटबॉल आपल्याला परका आहे असंही समजू नका. कोल्हापुरात जाऊन बघा. तिथं तालमींचे संघ आहेत, पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर पेठापेठांचे सामने लागले की घराघरांत दोन तट पडतात. त्याच कोल्हापूरचा एफसी कोल्हापूर सिटी हा मुलींचा संघ इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळून आला. गोव्याच्या मेमॉल रॉकी भारताकडून खेळल्या आणि पुढं २०१७ मध्ये देशाच्या महिला संघाच्या प्रशिक्षक झाल्या. आपल्या मातीत हे सगळं आहे. फक्त आपल्या वाडीपर्यंत आलेलं नाही.

का आलं नाही? याचं उत्तर शोधायला थायलंडला जायला नको. आपल्या शाळेमागचं मैदान बघा. संध्याकाळी पाचनंतर तिथं कोण असतं? मुलं. क्रिकेट चालू असतं, व्हॉलीबॉल चालू असतो. मुली कुठं असतात? पाणी भरतात, धाकट्याला सांभाळतात, भाकरी थापतात. पाचवी-सहावीपर्यंत ज्या मुली मुलांच्या पुढं पळतात, त्या आठवीत गेल्या की मैदानाच्या कडेनं दप्तर छातीशी धरून जातात. त्यांना कुणी बंदी केली? कुणीच नाही. कुठलाही ठराव झाला नाही. तरी फाटक बंदच.

माझ्याच घरातलं सांगते. माझी मुलगी शाळेत लंगडी आणि खो-खोला पुढं असायची. तिला पाळी आली त्या वर्षी मीच तिला म्हटलं, "आता पुरे झालं पळणं." कुणी सांगितलं नव्हतं मला. माझ्या आईनं मला म्हटलं होतं, तेच मी पुढं म्हटलं. त्या संध्याकाळी मोबाइलमध्ये मैदानभर पळणाऱ्या त्या मुली बघताना मला सारखं ते वाक्य आठवत होतं. मुलगी आता तिच्या घरी आहे, दोन लेकरांची आई आहे. सामना संपल्यावर मी तिला फोन केला. ती म्हणाली, "आई, आम्ही पण बघितला. नात तुझी म्हणते, मला बॉल पाहिजे." मी म्हटलं, "घेऊन दे." एवढंच बोलले. बाकीचं बोलायला जमलं नाही.

मैत्रिणींनो, तर आता काय करायचं, ते सांगते आणि थांबते.

येत्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात आशियाई चषक आहे. आपल्या मुलींचे सामने ४ मार्चला व्हिएतनामशी, ७ मार्चला जपानशी आणि १० मार्चला तैपेईशी आहेत. बरोबर मधे ८ मार्च, महिला दिन. दर वर्षी आपण त्या दिवशी भाषणं ऐकतो, फुलं घेतो. या वर्षी बचत गटाच्या बैठकीला जोडून समाजमंदिरात नाहीतर अंगणवाडीत एक सामना सगळ्यांनी मिळून बघू या. पोरींना पुढं बसवू या. जपान फार बलवान आहे, जगज्जेता राहिलेला संघ आहे. आपण कदाचित मोठ्या फरकानं हरू. तरी बघायचं. या स्पर्धेत जे वरचे येतील त्यांना २०२७ चा विश्वचषक खेळायला मिळेल, आणि तो कुठं आहे माहीत आहे? ब्राझीलमध्ये.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते. त्या सभेत बहुतेक वेळा आपण सह्या करून येतो. या वेळी एक मुद्दा लिहून द्या: आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी शाळेचं मैदान मुलींना. तिथं एक दिवा आणि शाळेच्या स्वच्छतागृहाची किल्ली. आणि गटातल्या दोघी-दोघींनी पाळीपाळीनं तिथं जाऊन बसायचं. राखण म्हणून नको, बघायला म्हणून बसायचं. शेंगा निवडा, गोधडी शिवा, पण नजर मैदानावर ठेवा. पोरगी पळताना कुणीतरी आपलं बघतंय, हे तिला कळू द्या.

त्या दशमीच्या संध्याकाळी पाऊस थांबल्यावर सगळ्या घरी निघाल्या. आजी चप्पल शोधत होत्या. मी त्यांना म्हटलं, "आजी, कळलं का आता, काय मिळालं ते?" त्या म्हणाल्या, "कळलं की. बसायला पाट मिळाला. आता वाढणाऱ्याला वाढावंच लागेल."